दाण्याच्या आतील बिऱ्हाड : ज्वारीतील सोंडकिडा

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांतून पसरलेले पूर्णेचे सखल खोरे आहे. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा पठारी मुलूख आहे. दोन्हीकडची जमीन निराळी, पाऊसमान निराळे, पिकांची निवडही काहीशी निराळी. गेल्या काही दशकांत सोयाबीनने खरिपाच्या ज्वारीला बरेच मागे सारले आणि मक्याचे क्षेत्र वाढले. तरीसुद्धा भाकरीपुरती ज्वारी वर्षभरासाठी घरात भरून ठेवण्याची रीत अनेक कुटुंबांत आजही टिकून आहे. या साठ्यावर, शेतकऱ्याच्या खालोखाल, आपला हक्क सांगणारा एक जीव आहे. तो म्हणजे सोंडकिडा.

सोंडे, टोके, पोरकिडे अशा नावांनी तो घरोघरी परिचित आहे. धान्य निवडताना तो दिसला की सुपाच्या कडेला ढकलून चिरडला जातो आणि विषय तेथेच संपतो. परंतु सुपात दिसणारा किडा हा या प्रश्नाचा अगदी लहान भाग आहे. त्याचे खरे आयुष्य डोळ्यांआड, दाण्याच्या पोटात जाते. ते कसे जाते हे नीट समजले, तर धान्यरक्षणाचे कोणते उपाय खरे आणि कोणते वरवरचे, याचा उलगडा आपोआप होतो.

ओळख

शास्त्रज्ञांनी या किड्याला ‘सायटोफिलस ओरायझी’ असे नाव दिले आहे. पहिल्या शब्दाचा ग्रीक भाषेतील अर्थ ‘धान्यप्रेमी’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘भाताचा’. स्वीडनचे थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७६३ साली त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. नाव भाताचे असले तरी ज्वारी, गहू, मका, बाजरी यांपैकी कोणतेही तृणधान्य त्याला वर्ज्य नाही.

पूर्ण वाढलेला किडा अडीच ते साडेतीन मिलिमीटर लांबीचा, तांबूस तपकिरी ते काळपट रंगाचा असतो. पाठीवरील कठीण पंखांवर चार फिकट तांबूस ठिपके असतात. डोके पुढे निमुळते होत जाऊन त्याची बारीक सोंड बनलेली असते आणि या सोंडेच्या टोकाशी इवले पण मजबूत जबडे असतात. किंचित धक्का लागताच हा किडा पाय आखडून मेल्याचे सोंग घेतो. कठीण पंखांखाली उडण्याचे पातळ पंखही असतात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

येथे एक गल्लत दूर केली पाहिजे. तूर, हरभरा, मूग यांना लागणारा भुंगेरा हा सोंडकिडा नव्हे. त्याला अशी सोंड नसते, त्याचे कुळ वेगळे आणि अंडी घालण्याची रीतही वेगळी. तो आपली अंडी दाण्याच्या सालीवर उघडी चिकटवितो, म्हणून डाळीच्या दाण्यावरील पांढरे ठिपके डोळ्यांना दिसतात. सोंडकिड्याची अंडी मात्र अशी दिसत नाहीत.

मक्यात आढळणारा किंचित मोठा सोंडकिडा ही याची अगदी जवळची जात. दोघे दिसण्यात इतके सारखे आहेत की बाह्य लक्षणांवरून त्यांची खात्रीने निवड करणे कठीण जाते. पुष्कळ काळ त्यांना एकाच जातीचे लहान व मोठे प्रकार समजले जात होते. व्यवहारात दोघांवरील उपाय एकच आहेत.

दाण्यातील आयुष्य

सोंडकिड्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक छिद्र पाडते, त्यात एक अंडे घालते आणि आपल्या अंगातील चिकट स्रावाने छिद्राचे तोंड बुजवून टाकते. स्राव वाळला की दाणा पूर्ववत अखंड दिसतो. एक मादी आपल्या आयुष्यात तीनशे ते चारशेपर्यंत अंडी घालू शकते.

काही दिवसांत अंड्यातून पांढरी, पाय नसलेली, वाकडी अळी बाहेर पडते. पाय नसण्याचे कारण उघड आहे; तिला कोठे जावयाचेच नसते. चारही बाजूंनी अन्न असलेल्या घरात ती जन्मते, दाण्याचा गर खात वाढते, चार वेळा कात टाकते आणि तेथेच कोषात जाते. कोषातून निघालेला किडा दाण्याची भिंत कुरतडून बाहेर येतो. अनुकूल हवामानात हा सारा क्रम महिना-सव्वा महिन्यात पुरा होतो. बाहेर आलेला किडा पुढे कित्येक महिने जगतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. दाण्याला पडलेले जे भोक आपल्याला दिसते, ते किडा आत शिरल्याचे नसून बाहेर पडून गेल्याचे आहे. म्हणजे भोके दिसू लागली त्या वेळी निदान एक पिढी पुरी झालेली असते आणि पुढची पिढी, वरून निर्दोष भासणाऱ्या दाण्यांत, वाढीला लागलेली असते. चाळणीने बाहेरचे किडे निघतात; आतल्या अळ्या आणि कोष धान्याबरोबर परत कोठीत जातात. ‘परवाच ज्वारी चाळली आणि आज पुन्हा सोंडे झाले’ या नेहमीच्या तक्रारीचे कारण हेच होय.

या किड्याच्या वाढीला सत्तावीस ते तीस अंश सेल्सिअस तापमान आणि दमट हवा सर्वांत मानवते. पंधरा अंशांखाली वाढ थांबते. पस्तीस अंशांच्या आसपास पैदास मंदावत जाते आणि पन्नास अंशांच्या वर तो फार काळ तगत नाही. त्याहून महत्त्वाचा आहे तो दाण्यातील ओलावा. दहा टक्क्यांहून कमी ओलावा असलेल्या दाण्यात त्याची पैदास जवळजवळ होत नाही. आपल्या जिल्ह्यात वैशाखाचा कडाका सरून मृगाच्या सरी येतात, तापमान उतरते, हवा दमट होते आणि कोरडे धान्य हवेतील ओल शोषू लागते. सोंडकिड्याला हवे असलेले सर्व काही त्या वेळी एकत्र येते. आषाढ-श्रावणात धान्याला एकाएकी कीड लागल्यासारखे वाटते ते यामुळे.

रानातून कोठारात

या किड्याचे निसर्गातील मूळ स्थान कोणते, हा प्रश्न उद्बोधक आहे. माणसाने धान्याची कोठारे बांधून फार तर दहा-बारा हजार वर्षे लोटली असतील. त्यापूर्वी हा कीटक कशावर जगत होता? याचे उत्तर त्याच्या नातलगांकडे पाहिले असता मिळते. त्याच्याच कुळातील एक जात आजही चिंचोक्यात वाढते. दुसरी एक जात सालवृक्षाच्या बियांत वाढते. जपानमध्ये सापडलेल्या प्राचीन मातीच्या भांड्यांत मक्यातील सोंडकिड्याच्या जातीचे ठसे उमटलेले आढळले असून त्यांतील काही सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. भातशेती त्या देशात पोहोचण्याच्या फार पूर्वीचा हा काळ होय. तेव्हाचे लोक रानातील कठीण कवचाची फळे साठवीत असत आणि हा किडा त्या साठ्यात राहत असे. इजिप्तमध्ये चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या थडग्यांतील धान्यातही याच कुळातील एक जात मिळाली आहे.

तात्पर्य, सोंडकिडा हा मूळचा रानातील बियांवर जगणारा जीव. झाडाखाली पडणाऱ्या असंख्य बियांपैकी काहींत तो वाढे, आणि उरलेल्या बिया रुजत. बिया विखुरलेल्या असत, हंगाम संपला की त्या दिसेनाशा होत, पाखरे व मुंग्या त्याच्यावर टपलेल्या असत. त्यामुळे त्याची संख्या आपोआप मर्यादेत राही. माणसाने लाखो दाणे एका जागी, छपराखाली, वर्षभरासाठी रचून ठेवले, आणि निसर्गाने घातलेल्या या सर्व मर्यादा एका फटक्यात दूर केल्या. कोठार हे सोंडकिड्याच्या दृष्टीने कधीही न संपणारे रान आहे. ते आपणच त्याला दिले, हे ओळखल्यावर मर्यादाही आपणच घालावयास हव्यात, हे ओघाने आले.

सोबती आणि शत्रू

केवळ पिठूळ धान्यावर जगणे सोपे नाही, कारण त्यात शरीराला लागणारी काही द्रव्ये अपुरी असतात. सोंडकिड्याने ही उणीव एका सोबत्याच्या साहाय्याने भरून काढली आहे. त्याच्या शरीरातील खास पेशींत एक जीवाणू राहतो. कीटकाचे कठीण कवच बनण्यासाठी जी अमिनो आम्ले लागतात, ती हा जीवाणू पुरवितो. प्रौढ किड्याचे कवच तयार होऊन पक्के झाले की या जीवाणूंची संख्या झपाट्याने कमी केली जाते. गरज असेपर्यंत पोसावयाचे आणि गरज संपताच खर्च थांबवावयाचा, असा हा काटकसरीचा संसार आहे. जीवाणूविरहित केलेले किडे प्रयोगशाळेत जगतात खरे, परंतु त्यांची वाढ रेंगाळते आणि प्रजननही घटते.

त्याला शत्रूही आहेत. त्यांतील सर्वांत कुशल म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची एक काळसर गांधीलमाशी. सोंडकिड्याच्या वंशाचे जुने शास्त्रीय नाव ‘कॅलँड्रा’ असे होते. त्यावरूनच या माशीच्या जातीला ‘कॅलँड्री’ हे नाव मिळाले. तिची मादी धान्याच्या राशीत फिरून नेमका आत अळी असलेला दाणा हुडकून काढते, दाण्याच्या भिंतीतून आपली सुईसारखी नळी आत घालते, अळीला डंख करून निश्चल करते आणि तिच्यावर अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती अळी खाऊन वाढते. ही माशी धान्य खात नाही आणि माणसाला चावतही नाही. धान्यात अशा चिमुकल्या माश्या दिसल्या तर नवीन कीड लागली असा समज करून घेऊ नये. मात्र त्या दिसणे ही आत सोंडकिडा असल्याची खूण समजावी.

सर्वच सोंडकिडे माणसाचे वैरी नाहीत, हेही येथे नमूद करावयास हवे. जगात त्यांच्या सुमारे साठ हजार जाती ज्ञात असून बहुतेक जाती एखाद्या ठराविक वनस्पतीशी बांधलेल्या असतात. या निष्ठेचा उपयोग माणसाने करून घेतला आहे. तळी व नद्या व्यापणाऱ्या जलपर्णीच्या बंदोबस्तासाठी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी भारतात मुद्दाम सोंडकिड्यांच्या दोन जाती आणण्यात आल्या आणि बंगळूरच्या परिसरात सोडण्यात आल्या. तेलमाडाच्या फुलांचे परागण करणारा आफ्रिकेतील सोंडकिडा १९८१ साली मलेशियात नेण्यात आला आणि त्यामुळे तेथे हाताने परागण करण्याचे श्रम वाचले. म्हणजे एकच कुळ एका ठिकाणी नुकसान करते आणि दुसऱ्या ठिकाणी राबते.

नुकसानीचा हिशेब

सोंडकिडा किती नुकसान करतो हे समजण्यासाठी एक साधा हिशेब मांडून पाहू. एका मादीने घातलेल्या शेकडो अंड्यांपैकी फक्त वीस किडे जगले आणि त्यांत निम्म्या माद्या निघाल्या असे धरू. पहिल्या पिढीत वीस, दुसऱ्या पिढीत दोनशे, तिसऱ्या पिढीत दोन हजार. या क्रमाने सहाव्या पिढीत ही संख्या वीस लाखांवर जाते. प्रत्येक अळीला एक दाणा लागतो. ज्वारीच्या हजार दाण्यांचे वजन ढोबळ मानाने २५ ग्रॅम धरले, तर वीस लाख दाण्यांचे वजन ५० किलो, म्हणजे अर्धा क्विंटल होते. प्रत्यक्षात थंडी, कडक ऊन, शत्रू आणि दाटी यांमुळे वाढ इतकी सरळ होत नाही. परंतु एका दुर्लक्षित मादीची ताकद काय, हे या आकड्यांवरून कळते.

नुकसान केवळ वजनाचे नसते. अळ्यांच्या श्वसनामुळे राशीत उष्णता व वाफ निर्माण होते, धान्य जागोजागी गरम व ओलसर होते आणि त्यावर बुरशी धरते. फुटलेल्या दाण्यांवर व पिठावर तांबडा भुंगेरा येतो; अखंड दाणा त्याला सहसा फोडता येत नाही, सोंडकिडा त्याची वाट मोकळी करून देतो. किडींच्या विष्ठेमुळे धान्यात युरिक आम्ल वाढते. खाण्याच्या धान्यात ते किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा कायद्याने घालून दिली आहे. बियाण्याच्या बाबतीत तर हानी संपूर्ण असते, कारण पोखरलेल्या दाण्याची उगवण होईल याचा भरवसा राहत नाही.

जुन्या रीतींमागील शास्त्र

आपल्या पूर्वजांनी सोंडकिड्याचा जीवनक्रम पुस्तकात वाचला नव्हता. तथापि त्याच्या वर्मावर त्यांनी नेमके बोट ठेवले होते. दाणा दाताखाली ‘कट्’ असा वाजेपर्यंत वाळविणे ही ओलावा जोखण्याची घरगुती कसोटी होती. जमिनीत खोदलेले पेव हे हवाबंद कोठारच होते. तोंड बंद केल्यावर आतील किडे आणि धान्य मिळून तेथील प्राणवायू संपवीत, कार्बन डायऑक्साइड वाढे आणि किड्यांची वाढ खुंटे. याच कारणाने नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरणे प्राणघातक ठरे, म्हणून ते काही काळ उघडे ठेवून, आत दिवा सोडून पाहण्याचा परिपाठ होता. आज पेवे फारशी उरली नाहीत. एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ एवढा वाक्प्रचार मात्र उरला आहे.

कडुलिंबाचा वाळलेला पाला कीटकांना नकोसा होतो. बारीक राख किड्याच्या अंगावरील मेणाचा थर खरवडते आणि त्याच्या शरीरातील पाणी उडून जाते. हे उपाय थोड्या धान्याला व बियाण्याला उपयोगी आहेत. मात्र ओल्या धान्याला पाला किंवा राख तारू शकत नाही.

१९६४ साली सी. एस. एच. १ हे देशातील पहिले संकरित ज्वारी वाण प्रसारित झाले आणि पुढे लवकर येणाऱ्या वाणांनी उत्पादन वाढविले. लवकर पिकणारे कणीस परतीच्या पावसात सापडण्याचा धोकाही त्याबरोबर आला. अशी ज्वारी घाईने पोत्यात भरली गेली की सोंडकिड्याला आमंत्रणच मिळते. टणक दाण्याच्या वाणांत हा किडा कमी वाढतो, मऊ व पिठूळ दाण्यात अधिक. घरी साठविण्यासाठी ज्वारी निवडताना हा भेद लक्षात घ्यावा.

विषारी गोळ्यांचा धोका

धान्यात टाकावयाच्या गोळ्यांविषयी स्पष्ट इशारा देणे आवश्यक आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतील ओलाव्याशी संयोग पावून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सोडते. त्यावर नेमका उतारा उपलब्ध नाही. ज्या खोलीत माणसे झोपतात, तेथे किंवा तिच्या शेजारच्या खोलीत अशी गोळी ठेवल्यास वायू फटींतून पसरून संपूर्ण कुटुंबाच्या जिवावर बेतू शकते. कायद्यानेही या गोळ्यांचा वापर शासकीय संस्था आणि मान्यताप्राप्त धुरीकरण करणाऱ्यांपुरता मर्यादित ठेवला आहे. राहत्या घरात त्या वापरू नयेत, हे निर्विवाद होय.

अर्धवट धुरीकरणाचा दुसरा तोटा असा की आच्छादन नीट बंद नसल्यास वायू निसटतो, दाण्यातील अंडी व कोष वाचतात आणि वायूला दाद न देणाऱ्या पिढ्या तयार होतात. अन्न व कृषी संघटनेने १९७२-७३ साली केलेल्या जागतिक पाहणीतच अशा प्रतिकारशक्तीची नोंद झाली होती.

गावाने करावयाचे काम

सोंडकिडा कोठारात तीन वाटांनी येतो : गावालगतच्या शेतातील पक्व कणसांवर उडत जाऊन, जुन्या पोत्यांच्या शिवणीत दडून, आणि कोठीच्या भेगांतील जुन्या दाण्यांतून. या तिन्ही वाटा माणसाच्या हातात आहेत. पीक पक्व होताच विनाविलंब काढावे. मळणीनंतर ज्वारी ताडपत्रीवर पातळ पसरून खडखडीत वाळवावी आणि निवाल्यावरच भरावी. जुनी पोती उलटी करून उकळत्या पाण्यातून काढावीत व उन्हात वाळवावीत. कोठीच्या भेगा बुजवाव्यात. नवे धान्य जुन्यात मिसळू नये. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. धातूची घट्ट झाकणाची कोठी, दोन भिंतींच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद घातलेली पुसा कोठी किंवा हवाबंद पिशवी, यांपैकी जे परवडेल ते वापरावे. पावसाळ्यापूर्वी, वैशाखाच्या उन्हात, उरलेले धान्य एकदा अवश्य तपासून वाळवावे. कीड दिसली तर महिन्याच्या अंतराने पुन्हा पाहावे, कारण आतली पिढी तोवर बाहेर आलेली असते.

ग्रामपंचायत सदस्यांनी स्वस्त धान्य दुकान, अंगणवाडी आणि शाळेतील पोषण आहाराच्या साठ्याकडे विशेष लक्ष पुरवावे. ओली भिंत, गळके छप्पर आणि मागील खेपेची रिकामी पोती एवढ्या गोष्टी दूर केल्या तरी मुलांच्या ताटातील तांदूळ पुष्कळसा सुरक्षित होतो. आधी आलेला माल आधी वापरावा, हा नियम साठा नोंदवहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवण्याजोगा आहे.

शिक्षकांना तर हा विषय म्हणजे फुकट मिळालेली प्रयोगशाळा आहे. कीड लागलेल्या ज्वारीतून बाहेरचे सर्व किडे काढून टाकावेत आणि वरून अखंड दिसणारे शंभर दाणे काचेच्या बरणीत घालून तोंडाला पातळ फडके घट्ट बांधावे. रोज किती किडे बाहेर आले, याची नोंद विद्यार्थ्यांनी महिनाभर ठेवावी. निर्दोष दिसणाऱ्या दाण्यातून किडा निघताना ज्या मुलाने पाहिला, त्याला वाळवणाचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही. प्रयोग संपल्यावर बरणीतील दाणे उकळत्या पाण्यात टाकून नष्ट करावेत.

सोंडकिडा समूळ नष्ट होईल असे मानण्याचे कारण नाही. माणसाच्या शेतीपेक्षाही त्याचा वंश जुना आहे. त्याला रानातील त्याची जागा आहे आणि ती तशीच राहो. आपल्या कोठीत मात्र त्याला ओल, फट आणि सवड या तीन गोष्टी मिळू द्यावयाच्या नाहीत. शेतकऱ्याने पावसापाण्याशी झगडून पिकविलेला दाणा पुढच्या हंगामापर्यंत भाकरीसाठी आणि पेरणीसाठी अखंड राहिला, तर तेवढे पीक जणू नव्याने हाती आले असेच म्हणावे लागेल.